सुध्या, पास काढू का नको?

नाशिकरोड, रविवार, दुपार

सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. दिवाळीनंतर माझा आवाज नाही, कबूल. तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, तेही कबूल. आज फोन केला असता तर तू पाचव्या मिनिटाला "बरं, ठेवतो" म्हणाला असतास, आणि हे पाच मिनिटांचं नाही. माझी साखर आहे तिथेच, मंगलचा डावा गुडघा आहे तिथेच. झालं प्रकृतीचं.

जपानला निघालोय. चिरंजीव केदार तीन वर्षं बोलावतोय, शेवटी व्हिसा झाला. दहा दिवस त्याच्याकडे टोकियोजवळ कावासाकीला, मग आम्ही दोघंच क्योतो आणि हिरोशिमा. हिरोशिमा मंगलचं. बत्तीस वर्षं शाळेत दर ६ ऑगस्टला पोरांना तिनेच सांगितलंय, एकदा बघायचंय म्हणते. तिकडून परत केदारकडे आणि मग घरी. इथवर सगळं सरळ होतं. बुधवारी आम्ही कॉलेज रोडला एका एजंटाकडे गेलो आणि घोळ झाला. तो असा घोळ आहे की केदारला सांगितला तर हसेल, आणि जावयाला तर सांगायचीच सोय नाही. तुलाच कळेल, कारण विषय रेल्वेच्या पासचा आहे.

तिथला पोरगा म्हणाला, "काका, जपान म्हटलं की जेआर पास, तिथल्या रेल्वेचा, देशभराचा. डोळे झाकून घ्या." मला लगेच तू आठवलास. डोळे झाकून त्रैमासिक पास काढलास आणि बाराव्या दिवशी भुसावळच्या बदलीची ऑर्डर आली! आता चिडू नकोस, पुढे माझीही वाजणार आहे.

ऐक. सात दिवसांचा साधा पास ५०,००० येन. चौदा दिवसांचा ८०,०००. तो पोरगा आमच्या गळ्यात चौदाचाच मारत होता. हे सात दिवस म्हणजे सलग सात तारखा, मध्यरात्र ते मध्यरात्र. संध्याकाळी सहाला पहिली गाडी धरलीस तरी तो अख्खा दिवस गेला. म्हणजे केदारकडे बसून खाल्लेल्या दिवसांसाठी पास नकोच. ज्येष्ठांना सूट? शून्य. त्याची आता सवय झालीय म्हणा. मला २०१८ ला साठ लागले, ४० टक्के सवलतीवर दोन वर्षं जेमतेम फिरलो, आणि मार्च २०२० मध्ये आपल्या रेल्वेने ती काढून घेतली. मंगलची ५० टक्के होती, तीही गेली.

गंमत म्हणजे हा पास केदारला मिळतच नाही. नोकरीच्या व्हिसावर तिथे राहणाऱ्याला नाही, फक्त पाहुण्याला. विमानतळावर पासपोर्टात 'टेम्पररी व्हिजिटर' म्हणून लावून देतात, ते दाखवलं तरच पास हातात पडतो. पोरगा तिथे कर भरून पुऱ्या भाड्याने फिरणार, आणि बाप चार दिवसांचा फुकट्या म्हणून सवलतीत. आपला तो गोरा आठवला मला. कसाऱ्याला बँकर, घाट चढवायचं जादा इंजिन, लागत होतं, तू त्याला उठवायला गेलास, "धिस सीट पासहोल्डर." त्याने खिशातून इंडरेल पास काढून तुझ्या नाकासमोर धरला, "आय ऑल्सो पासहोल्डर!" अख्खा डबा हसला. डॉलर मोजून घेतलेला पास, भारतभर कुठल्याही गाडीत बस. इगतपुरीपर्यंत तू त्याच्याशी बोलला नाहीस आणि घोटीला त्याला तुझ्या डब्यातलं थालीपीठ दिलंस. तो इंडरेल पासही रेल्वेने बंद केला. आता गोरे आपण.

रात्री कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बसलो. टोकियो ते क्योतो, क्योतो ते हिरोशिमा, हिरोशिमाहून थेट टोकियो. सगळी तिकिटं सुटी काढली, नोझोमीसारख्या सगळ्यात जलद गाडीने, खिडकी राखून, तरी माणशी ४५,००० येनच्या आसपास. पास ५०,०००. म्हणजे पास घेऊन माणशी पाचेक हजार येन जास्तीचे, दोघांचे मिळून पाच-सहा हजार रुपये पाण्यात. वर पासवर नोझोमीत तसं बसता येत नाही. आधी तर मुळीच बसू देत नव्हते. आता बसू देतात, पण वेगळे पैसे घेऊन, टोकियो-हिरोशिमाला एका खेपेचे ६,५००. ते नको असतील तर हिकारी नावाची जरा सावकाश गाडी धरा आणि मध्ये उतरून साकुरा नावाची दुसरी पकडा. पास खिशात असून पंचवटी एक्सप्रेस डोळ्यांदेखत सोडायची आणि मागच्या गाडीची वाट बघायची, असं समज. शिवाय क्योतोत फिरायचं ते मुख्यतः बसने, त्या बसगाड्यांना हा पास चालत नाही. टोकियोतल्या मेट्रोलाही नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते पुढे. हाच पास सप्टेंबर २०२३ पर्यंत २९,६५० ला होता. ऑक्टोबरपासून एकदम ५०,०००. केदार गेला तेव्हापासून या या म्हणत होता. "पुढच्या वर्षी बघू कोण म्हणालं होतं?" मंगलने पोळी लाटता लाटता विचारलं. मी पान उलटं ठेवलं.

मग मी वसुलीच्या मागे लागलो. तुला माझी खोड माहीत आहे. हिमेजीला उतरून किल्ला बघायचा, ते वाटेवरच आहे, ठीक. पण एका दिवसात टोकियोहून सेंदाईला जाऊन यायचं असंही मी लिहून टाकलं, कारण त्याने पास वसूल होऊन वर उरतं. मंगलने विचारलं, "सेंदाईत काय आहे?" मला माहीत नव्हतं. नुसतं आकड्यात बसत होतं म्हणून मी त्या गुडघ्याला दुसऱ्या टोकाच्या गावी नेऊन आणणार होतो.

केदारने तोडगा काढला. पूर्ण देशाचा पास नका घेऊ, कान्साई-हिरोशिमाचा, म्हणजे क्योतो-ओसाकाकडून हिरोशिमापर्यंतचा, छोटा घ्या. पाच दिवस, १७,००० येन. शिन-ओसाका ते हिरोशिमा त्यात नोझोमीसुद्धा चालते, मियाजिमा बेटावर जाणारी जेआरची फेरी बोटही येते. टोकियो-क्योतो तेवढं सुटं तिकीट काढा आणि परत टोकियोला न येता ओसाकाहूनच विमान धरा. ३१,००० च्या आसपास काम होतं. हिशोब असा चोख की मला पोराचा अभिमान वाटला. मंगल म्हणाली, "म्हणजे त्याला आधीच टोकियोच्या फलाटावर सोडायचं, आणि नंतरचे पाच दिवस मी देवळं बघत हिंडायचं?" तिला तो शेवटी विमानतळावर हवाय. आता टोकियोला परतायचंच म्हटलं की परतीचं तिकीट वाढतं, आणि बेरीज फिरून त्याच पंचेचाळीसला येऊन बसते.

तर शुक्रवारी परत त्या एजंटाकडे. पास नको, सुटी तिकिटं तिथे गेल्यावर केदार काढेल, हे सांगायला गेलो होतो. कागद पुढे केला, आकडे दाखवले. तो पोरगा मान डोलवायला लागला, आणि मंगल म्हणाली, "माझा एकटीचा काढा. माझ्या पेन्शनमधून."

मी म्हटलं, अगं तोटा आहे. ती त्या पोराकडे बघूनच म्हणाली, "सव्वीस वर्षं यांचा पास संपायची तारीख मी लक्षात ठेवली. मी चालत शाळेत जायचे. माझ्या नावाचा पास कधी झालाच नाही."

सुध्या, काय बोलणार? त्या पोराने पाणी आणून दिलं.

त्या रात्री झोप आली नाही, आणि मी एक हिशोब केला जो तू मला पंचवीस वर्षं करायला सांगत होतास. त्रैमासिक पास म्हणजे मासिकच्या २.७ पट. तीन महिन्यांचं काम २.७ मध्ये. मी कायम मासिकच काढला, कारण बदली झाली तर? तुझं भुसावळ डोळ्यांसमोर होतं ना! वर्षाला १.२ महिन्यांचा पास मी जास्तीचा भरला. १९९० ते २०१६, गुणिले सव्वीस. एकतीस महिने. एकतीस महिन्यांचे पैसे मी रेल्वेला फुकट दिले आणि माझी बदली एकदाही झाली नाही. तू एकदा बुडालास, अडीच महिन्यांनी. मी रोज थोडा थोडा बुडत होतो आणि वर तुला शहाणपण शिकवत होतो. घे. हे लिहून दिलंय, आता वहिनींना वाचून दाखव. दादरच्या पुलावर तू मला कंजूष म्हणालास आणि आपण कल्याणपर्यंत बोललो नाही, ते भांडण मी आता मागे घेतो. छत्रीचं मात्र घेत नाही, छत्री माझीच होती.

आता मुद्दा. दोघांचे काढावेत का? एकटीचाच काढला तर ती पास घेऊन हिकारीत आणि मी नोझोमीत पुढे, असं होणार नाही, तिच्याबरोबर मलाही रखडणं आलंच. मग निदान तिचा पास आणि माझं साधं तिकीट, की दोघेही पासधारक? एजंटाकडून घेतला तर इथे नुसता बदलीचा कागद मिळतो, तीन महिन्यांच्या आत तिथल्या स्टेशनवर तो देऊन खरा पास घ्यायचा, सुरू करायची तारीख तिथे ठरवायची, आणि जागा त्यानंतरच राखता येतात. त्यांच्या वेबसाइटवर घेतला तर जागा आधी राखता येतात. खिडकी हवीच, क्योतोला जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो, ई नंबरची सीट. पास हरवला तर दुसरा मिळत नाही, तिथे 'साहेब, घरी राहिला' चालायचं नाही. आणि लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरवर बॅग गेली तर तिच्यासाठी वेगळी जागा राखावी लागते. मंगलने चिवडा आणि भडंग भरून बॅग फुगवलीय, काल टेप लावून मोजली, १५८.

तुझ्याकडचं काय? सुनेचं बाळंतपण भुसावळलाच का? गच्चीचं काम झालं का? रिकामे ड्रम तसेच ठेवू नकोस, डास होतात. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठीक झालं असं नानाकडून कळलं, मी विचारायला हवं होतं, राहिलं. आणि नाशिकला यायचं असेल तर सध्या येऊ नकोस, सिंहस्थासाठी सगळे रस्ते उखडून ठेवलेत.

उद्या अकराला मला त्या एजंटाकडे काय ते सांगायचंय, आणि हे पत्र तुला मिळेपर्यंत सांगूनही झालेलं असेल, हे मला माहीत आहे. तरी लिहिलं.

सकाळपासून माळ्यावर खुडबुड चालली होती. माझं जुनं पासचं पाकीट सापडलंय तिला, ते तपकिरी रेक्झिनचं, एका बाजूला प्लास्टिकची खिडकी असलेलं. साबणाने धुऊन गॅलरीत वाळत घातलंय. मी सांगितलं की तिथला पास तिकिटाएवढा असतो, फोटोही नसतो त्यावर. ती म्हणाली, फोटो मी लावेन.

तुझा,
मन्या