घसरत्या क्लचविषयी मित्रास पत्र

ठाणे (पश्चिम)

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र पोहोचले. मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी नुसती ओरडते आणि पुढे सरकत नाही, असे तू लिहिले आहेस. तेवढ्यावरून क्लच, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा जोड, स्लिप होतो आहे, घसरतो आहे, याविषयी मला शंका उरली नाही. इंजिन थकले असते तर आवाजही दबला असता. इथे आवाज चढतो आणि वेग तेवढाच राहतो, म्हणजे ताकद निर्माण होते आहे, पण चाकांपर्यंत पोहोचत नाही. तुझ्या मारुती ८०० ला इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा नसल्यामुळे हा निवाडा कानांनीच करावा लागतो, आणि तुझे कान गाण्याइतकेच गाडीतही तयार आहेत.

मात्र तुझ्या गॅरेजवाल्याने सुचवल्याप्रमाणे पेडलपासून क्लचपर्यंत जाणारी केबल ताणून घेऊ नकोस. गिअर खरखरत पडत असतील तर केबल ताणतात. स्लिपवर तो इलाज उलटा पडतो. क्लच प्लेटला इंजिनाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरते ती प्रेशर प्लेट. आपण पेडल दाबतो तेव्हा केबलने ढकललेले रिलीज बेअरिंग या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे दाबते आणि क्लच प्लेट मोकळी होते. प्लेट झिजत गेली की ही बोटे बेअरिंगकडे सरकत येतात, केबलमधला ढिलेपणा आपोआप नाहीसा होतो, आणि मग पाय पेडलवर नसतानाही क्लच कायम थोडासा दाबलेलाच राहतो. म्हणून आधी इंजिन बंद करून खाली वाक आणि पेडल हाताने हळूच दाबून पाहा. सुरुवातीचे साधारण दोन सेंटिमीटर ते विनासायास खाली गेले पाहिजे. त्यानंतर खरा जोर लागतो, आणि तो क्षण हाताला स्पष्ट जाणवतो. पहिल्या स्पर्शापासूनच जोर लागत असेल, तर गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाशी असलेला नट फिरवून केबल ढिली करून घे. तेवढ्याने स्लिप थांबली तर प्लेटमध्ये अजून थोडा जीव आहे असे समजावे, पण खर्चाची तरतूद त्याच महिन्यापासून करावी.

ढिलेपणा असूनही क्लच घसरतो का, याची परीक्षा सोपी आहे. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाक आणि हलका अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोड; क्लच धड असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडेल, आणि चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे हे नक्की. हे एकदाच कर, कारण प्रत्येक वेळी उरलीसुरली प्लेट जळते. गाडीसमोर कोणी उभे नाही ना, तेही बघ.

दुसरी शक्यता तेलाची आहे, आणि जुन्या गाडीत ती मला अधिक त्रासदायक वाटते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली रात्रभर पुठ्ठा ठेवून पाहा. काळे, पातळ तेल ठिबकले तर इंजिनाच्या क्रँक दांड्याचे मागचे, तेल अडवणारे ऑइल सील गेले असण्याची शक्यता जास्त. घट्टसर आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असेल तर ते गिअरबॉक्समधून येत आहे. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणारे कारागीर आहेत, पण तो उपाय टिकत नाही. सील न बदलता नवी प्लेट घातली, तर तीही त्याच वाटेने जाईल.

गिअरबॉक्स उतरवायचाच झाला, तर माझे मत ठाम आहे : फक्त प्लेट बदलू नकोस. यात खरा खर्च मजुरीचा असतो आणि ती दोनदा देण्यात शहाणपण नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घाल, सीलही नवे बसव आणि केबलचे तंतू तुटू लागले असतील तर तीही बदल. फ्लायव्हील स्वतः पाहिल्याशिवाय गिअरबॉक्स परत बसवू देऊ नकोस. तापल्याने त्यावर निळसर डाग पडतात. बारीक भेगा किंवा नखाला अडकतील असे चरे दिसले, तर त्याचे फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करून घ्यावा किंवा ते बदलावे. जुनी प्लेटही मागून घे : रिव्हेटची डोकी अस्तराच्या पातळीला आली असतील, तर ती झिजूनच गेली आहे.

काम होईपर्यंत ठाण्याला येताना शिळफाटा-मुंब्रा बायपासकडून येऊ नकोस. ठाणे-बेलापूर रस्त्याने, रबाळे, ऐरोली, दिघा, कळवा असा ये. उड्डाणपूल सोडले तर तो मार्ग सपाट आहे. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओव्हरटेक करू नकोस, कारण जास्त जोर मागितला की स्लिप वाढते. करपल्यासारखा वास आला तर गाडी बाजूला घेऊन थंड होऊ दे. आणि कळव्याच्या नाक्यावर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवायची तुझी जुनी खोड आहे, ती निदान नव्या सेटवर तरी चालवू नकोस; पहिले काही शे किलोमीटर तो सेट जपूनच वापरावा लागतो.

गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण तू नुकतेच करून घेतले आहेस, तेव्हा हा खर्च करण्यासारखा आहे, असे मला वाटते. गॅरेजवाल्याने अंदाज दिला की त्यात सील आणि फ्लायव्हील धरले आहे का, ते विचारून मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत