कातळावरच्या बागेसाठी झाडांच्या जोड्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आगोट (पावसाळ्याची सुरुवात) जवळ आली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या रोपवाटिकांमध्ये गर्दी होते आणि जास्वंद, गुलाब, शेवंती घरोघरी जातात. सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर), जांभ्या कातळालगत राहणाऱ्यांकडे मात्र ही रोपे फार काळ टिकत नाहीत, कारण पावसाळा सरला की कातळ पाणी धरत नाही, मार्चपासून तो तव्यासारखा तापतो आणि रानातला चारा सुकल्यावर भेकरे, काही गावांत गवे आणि सगळीकडेच मोकाट गुरे परसातल्या कोवळ्या पालवीकडे वळतात. अशा जागी जनावर तोंड लावत नाही आणि ऊन सोसते, अशीच झाडे रंग पाहून जोडीने लावावीत, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते.

गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने तांबडी कण्हेर आणि तिच्या पुढे गुलाबी-पांढरी सदाफुली ही त्यातली सर्वांत भरवशाची जोडी. दोघींचा रस कडू व विषारी, दोघींना पाणी बेताचे आणि फुले जवळजवळ बारमाही. ज्या द्रव्यांमुळे सदाफुली जनावरांना नकोशी होते, त्यांतूनच विंक्रिस्टीन आणि विनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळतात. सदाफुलीच्या मुळाशी पाणी साचले तर ती कुजते, म्हणून कातळाच्या खोलगट भागात न लावता चिरे रचून हातभर उंचीचा वाफा करावा व त्यात माती, शेणखत आणि कुजलेला पातेरा भरावा. कण्हेर मात्र लहान मुले खेळतात तेथे किंवा गोठ्याजवळ लावू नये आणि तिच्या छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत, कारण धूरही घातक असतो.

अबोलीला भर दुपारचे ऊन मानवत नाही. तिला चाफ्याच्या विरळ सावलीत ठेवून बाहेरच्या बाजूने पिवळी कोरांटी लावली, तर काट्यांचे कुंपण आपोआप होते आणि अबोलीच्या केशरी रंगाशेजारी पिवळा रंग खुलून दिसतो. उताराच्या खडकाळ जागेत निळसर फुलांची, उग्र वासाची निर्गुडी आणि लाल फुलांची धायटी शोभते. दोन्ही आपल्याच रानातल्या आहेत. घाणेरीलाही गुरे सहसा तोंड लावत नाहीत, पण ती पसरून बाकी सारे दाबून टाकते, तेव्हा रंगाच्या मोहाने ती आणू नये.

मे महिन्यात भुकेले जनावर कशालाही तोंड लावू शकते, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात रोपांना काटेरी फांद्यांचा आडोसा हवाच. कोरांटी, निर्गुडी आणि धायटीची रोपे आज रोपवाटिकांत क्वचितच दिसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि स्थानिक रोपवाटिकाधारकांनी ती तयार करून वाजवी दरात पावसाळ्याआधी उपलब्ध करावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, रत्नागिरी