मासा किती किलोचा हे विचारून लाइन घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गळाने मासे धरायच्या छंदावर लेख आला, वाचून बरं वाटलं, एरवी या विषयावर लिहितंय कोण. पण त्यात लाइन कशी निवडायची यावर जे दोन परिच्छेद आहेत ते वाचून गप्प बसवेना. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की जेवढ्या किलोचा मासा तेवढ्या किलोची लाइन घ्या, आणि काहीच सुचत नसेल तर सरळ जाड ब्रेडेड, म्हणजे धाग्यांची विणलेली लाइन, भरा म्हणजे काळजी मिटली. नवीन माणूस हे वाचून तसंच करणार, मग रोहूचा ओठ फाटून मासा सुटला की नशिबाला बोल लावत बसणार.

माझं मत विचाराल तर माशाचं वजन हा लाइन घेताना सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी बघायचं की तो राहतो कुठे, त्याचं तोंड कसलं आहे आणि गळाला लागल्यावर तो पळतो कुठल्या दिशेला. हे कळलं की लाइन जवळजवळ आपोआप ठरते.

पहिलं म्हणजे पाकिटावरचा आकडा, म्हणजे लाइन किती ओढीला तुटते तो. 10 पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, पण याचा अर्थ साडेचार किलोचा मासा त्यावर येईल आणि पाच किलोचा आला की तुटेल असा अजिबात नाही. पाण्यात मासा जवळपास तरंगतच असतो, त्याचं वजन लाइनवर पडत नाही, पडतो तो त्याचा झटका. आणि तो झटका सोसायला रीळचा ड्रॅग असतो, म्हणजे ठराविक ओढ आली की लाइन सोडणारा ब्रेक, जो लाइनच्या ताकदीच्या पाव ते फार तर तिसऱ्या हिश्शावर लावायचा असतो. म्हणजे साडेचार किलोच्या लाइनला सव्वा-दीड किलोच्या ओढीला रीळ सुटायला हवं. हे नीट जमलं तर 10 पौंडाच्या तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या लाइनवर, त्याच्या दुप्पट वजनाचा मासाही निवांत काठाला येतो, फक्त मध्ये लाकूडफाटा, खडक, वेली काही नको. हे "मध्ये काय आहे" तेच तर सगळं ठरवतं, आणि लेखात नेमका त्याचा पत्ता नाही.

अजून एक, जाडी. लाइनची जाडी दुप्पट केली की ताकद दुप्पट नाही, चौपट होते, कारण कापलेल्या टोकाचं क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणून 0.20 मिमीवरून 0.25 वर गेलं तरी बऱ्यापैकी फरक पडतो. उगाच 0.40 चं तंगूस भरून ठेवायचं आणि मग आमिष लांब जात नाही, रीळवरून स्प्रिंगसारखी वेटोळी सुटतात अशी तक्रार करायची, हे कशाला?

आता लाइनचे प्रकार. नायलॉन, म्हणजे आपलं तंगूस, डुपाँटने 1938 साली जगासमोर आणलं, त्याआधी घोड्याच्या शेपटीचे केस आणि रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथींपासून काढलेला धागा वापरायचे, आणि तो धागा आधी भिजवून मऊ केल्याशिवाय गाठसुद्धा बसायची नाही. फ्लोरोकार्बन लाइन जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये काढली. ब्रेडेड ही पॉलिइथिलीनच्या बारीक धाग्यांची वेणी. तिन्हींचे स्वभाव वेगळे. तंगूस ताणलं जातं, तुटायच्या आधी चांगलं 20-25 टक्के लांबतं, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे, दोष नाही. ब्रेडेड जेमतेम 3-5 टक्के ताणली जाते, त्यामुळे माशाने नुसतं नाक लावलं तरी हाताला कळतं पण झटकाही तसाच्या तसा माशाच्या तोंडावर जातो. ती पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तरंगते. फ्लोरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट जड, ती बुडते, शिवाय पाणी शोषत नाही. तंगूस पाणी पितं, ओलं झाल्यावर थोडं अशक्त होतं आणि उन्हात पडून पडून ठिसूळही होतं.

फ्लोरोकार्बन पाण्यात "दिसतच नाही" हा दावा मात्र सांभाळून घ्यायचा. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो तो आकडा, 1.33, फ्लोरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा 1.53 च्या आसपास, म्हणजे फरक आहे हे खरं, पण गायब वगैरे काही होत नाही. काचेसारख्या नितळ पाण्यात याचा उपयोग, गढूळ तळ्यात ती लावून काय मिळणार, तिथे माशाला स्वतःचं शेपूट दिसत नसेल.

आता माशांकडे येतो. लेखात रोहू आणि मरळ एकाच ओळीत "मोठे मासे" म्हणून उरकलेत, आणि मला खरं तर तिथेच राग आला. कारण या दोघांना एकच लाइन लावणं म्हणजे बैलगाडीला आणि सायकलला एकच चाक बसवण्यासारखं आहे.

मरळ राहते शेवाळात, कमळाच्या पानांखाली, वेलींच्या गुंत्यात. ती लांब पळत नाही. वरून बेडकासारखं आमिष गेलं की फाडकन वर येते, तोंडात घेते आणि दुसऱ्या क्षणाला खाली गुंत्यात घुसते. तिचं तोंड टणक, हाडाचं, दातही चांगले, म्हणजे गळ रुतवायला जोरदार झटका लागतो आणि नंतर तिला घुसू न देता लगेच वर ओढावं लागतं. इथे ताणलं जाणारं तंगूस मार खातं, तुम्ही झटका मारता आणि अर्धा झटका लाइनच खाऊन टाकते. इथे 40-50 पौंडाची ब्रेडेडच पाहिजे, ती तरंगते म्हणून वरचं आमिष नीट चालतं आणि ताणली की शेवाळाचे देठ कापत येते. पुढे वीतभर जाड तंगुसाचा तुकडा लीडर म्हणून जोडला की दातांची पण सोय झाली. लार्जमाउथ बास हा परदेशी मासा गर्द वनस्पतीत धरायचा असेल तर असाच हिशोब, मात्र तोच बास उघड्या नितळ पाण्यात असेल तर 8-12 पौंडाची फ्लोरोकार्बन बरी. मासा तोच, जागा बदलली की लाइन बदलली.

रोहूचं सगळं उलटं. ओठ मऊ, मांसल, तोंड खालच्या बाजूला, आमिष सावकाश चोखतो. लागला की उघड्या पाण्यात लांबच लांब धाव घेतो, थांबतो, पुन्हा धावतो. त्याला ब्रेडेड लावून आडदांडपणे ओढलं तर ओठच फाटतो. इथे 0.25 ते 0.30 मिमीचं साधं तंगूस घ्या, 10-14 पौंडाचं, आणि त्याच्या ताणाला त्याचं काम करू द्या, शेवटी काठाजवळ मासा डोकं झटकतो ना तेव्हा या ताणामुळेच तो हाताशी राहतो. मृगळ तळाशी चरतो, त्याला हेच चालतं, फक्त तळात दगडगोटे असतील तर शेवटचा हातभर भाग जरा जाड लावावा. कटला वरच्या थरातला, तोंड वर उघडणारं आणि मोठं, अंगाने पण भारी होतो, त्याला एक नंबर जाड लाइन. कॉमन कार्पलाही तंगूसच, मात्र तो हुशार, शेवटच्या तुकड्यात काही कडक खुपलं तर आमिष थुंकून टाकतो म्हणून बरेचजण तेवढाच तुकडा मऊ ब्रेडेडचा लावतात, मेन लाइन तंगुसाचीच. तिलापिया वगैरे लहान तोंडाच्या माशांना 4-6 पौंड पुष्कळ झालं, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

ट्राउट हा नितळ, थंड, वाहत्या पाण्यातला आणि भलताच संशयी. तिथे बारीक लाइनला पर्याय नाही. फ्लाय फिशिंगवाले, म्हणजे नकली माशीने मासे धरणारे, शेवटच्या धाग्याला 4एक्स, 5एक्स असे नंबर देतात, त्याचा हिशोब सोपा आहे, 11 मधून तो नंबर वजा करायचा, जे उरेल तेवढे हजारांश इंच जाडी. म्हणजे 5एक्स म्हणजे 6 हजारांश इंच, साधारण 0.15 मिमी. नंबर वाढला की धागा बारीक होतो, नवीन माणूस हमखास उलटं समजतो.

पाइक या परदेशी शिकारी माशाला मात्र बारीक-जाड हा प्रश्नच नाही, त्याचे दात ब्लेडसारखे, तंगूस असो की ब्रेडेड एका चाव्यात कापतो. त्याला पुढे धातूच्या तारेचा लीडर लावायलाच हवा, नाहीतर गळ घशात घेऊन मासा जातो आणि तसाच मरतो. कॅटफिशचे दात कापणारे नसतात पण जबडा सँडपेपरसारखा खरखरीत, तासभर झुंज चालली की लाइन घासून घासून जाते, म्हणून मोठ्या कॅटफिशला लीडर जाडजूडच, आणि युरोपातला वेल्स कॅटफिश तर अडीच मीटरच्या वर जातो, तिथे मेन लाइनपण तशीच दणकट लागते.

महसीर हे ब्रेडेडवाल्यांना माझं खास उत्तर. तो लागला की प्रवाहाच्या दिशेने खडकांमधून सुसाट निघतो. ब्रेडेड सरळ ओढीला कितीही ताकदवान असली तरी ताणलेल्या अवस्थेत खडकाच्या धारेवर घासली की क्षणात जाते, कारण ताकदीच्या मानाने ती फार बारीक असते, 30 पौंडाची ब्रेडेड 8 पौंडाच्या तंगुसाएवढीच भरते. जाड तंगूस खडकावर खरचटतं पण टिकतं. म्हणून जुनी मंडळी महसीरला 20-30 पौंडाचं तंगूसच लावतात, आणि ज्यांना ब्रेडेडच हवी ते पुढे लांब जाड लीडर जोडतात. महसीरच्या काही जाती धोक्यात आहेत, कुबड असलेला महसीर तर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे, त्यामुळे जिथे परवानगी आहे तिथेसुद्धा धरून सोडायचाच असतो. आणि सोडायचाच असेल तर फार बारीक लाइन लावून तासभर दमवणं ही मर्दुमकी नाही, मासा इतका थकतो की सोडल्यावरही जगेलच असं नाही, त्यात पाणी गरम असेल तर प्राणवायू आधीच कमी. लवकर काठाला येईल एवढी दणकट लाइन लावणं यातच माशाचं भलं आहे.

लेखात गाठींचा उल्लेखच नाही याचं आश्चर्य वाटलं. लाइन तुटते ती बहुतेक वेळा गाठीपाशीच. साध्या एकेरी गाठीने तंगुसाची ताकद निम्म्यावर येऊ शकते. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतं, नीट बघितलं तर तेवढा भाग पांढुरका दिसतो. ब्रेडेड निसरडी, तिला तंगुसाची नेहमीची क्लिंच गाठ धरत नाही, पालोमार बांधा. आणि रिकाम्या रीळवर ब्रेडेड थेट गुंडाळली तर सगळा गुंडाळाच रीळवर गोल फिरतो, मग बाहेरून ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं, म्हणून खाली तंगुसाचे काही वेढे आधी द्यायचे.

मासा सुटला की लोक हळहळतात आणि तुटकं टोक न बघताच नवीन गळ बांधतात. ते टोक उजेडात धरून बघा हो. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं असेल तर लाइन तुटलीच नाही, गाठ सरकली. टोक स्वच्छ कापल्यासारखं असेल तर दात किंवा शिंपल्याची धार. त्याच्या मागे बोटभर खरखर, धूसरपणा असेल तर खडकावर घासलीय, तिथून हातभर तुकडा कापून फेकायचा. आणि टोकाजवळ लाइन ताणून बारीक झाली असेल तर ड्रॅग जास्त आवळला होता. अंगठा आणि तर्जनीच्या नखात धरून शेवटचा मीटरभर ओढून बघितला तरी खाच लगेच लागते.

कापलेला तुकडा "फेकायचा" म्हणजे पाण्यात नाही. तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही, पाणपक्ष्यांचे पाय त्यात अडकतात, आणि फ्लोरोकार्बन तर उन्हालाही दाद देत नाही. खिशात घाला, घरी जाऊन बारीक कापून कचऱ्यात टाका.

पुढच्या लेखात माशांच्या नावापुढे नुसते पौंड छापू नका ही विनंती. जाडी मिमीमध्ये द्या, लाइनचा प्रकार द्या आणि पाणी कसलं ते द्या. आणि मरळ व रोहू वेगवेगळ्या ओळीत.

आपला,
एक नियमित वाचक