सक्तीचे सभासदत्व आणि दुबळा विरोधी पक्ष

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठात नाव नोंदवताच विद्यार्थी संघाचे सभासदत्व आणि वर्गणी सक्तीची व्हावी की ती ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडावी, हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला वाद अनेक दशकांचा आहे. त्याच्याकडे बहुतेक वेळा डावे विरुद्ध उजवे एवढ्याच नजरेने पाहिले जाते. या वादाचा संसदेतला प्रवास मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. विरोधी पक्षाला सरकारला अडवून वाटाघाटीला बसवता येत नसेल, तर अशा प्रश्नावरचा मधला मार्ग सर्वांत आधी बळी पडतो, आणि त्याची झळ कोणत्याच पक्षात नसलेल्या सामान्य विद्यार्थ्याला बसते, असे माझे मत आहे.

ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २००४ च्या निवडणुकीत जॉन हॉवर्ड यांच्या लिबरल-नॅशनल आघाडीने सत्ता राखलीच, शिवाय सिनेटच्या ७६ पैकी ३९ जागाही मिळवल्या. १ जुलै २००५ पासून वरच्या सभागृहातही सरकारचे स्वतःचे बहुमत झाले. सुमारे पाव शतकात असे घडले नव्हते. सिनेटमध्ये विधेयकाची कसून तपासणी व्हावी, लहान पक्षांशी बोलून दुरुस्त्या व्हाव्यात, ही त्या देशाची अंगवळणी पडलेली पद्धत होती आणि ती एका दिवसात निरुपयोगी झाली. त्याच सुमारास मुख्य विरोधी पक्ष असलेला मजूर पक्ष अंतर्गत नेतृत्वबदलांत गुरफटलेला होता. सायमन क्रीन, मार्क लॅथम, किम बीझली आणि केव्हिन रड असे चार नेते त्याने २००१ ते २००६ या काळात पाहिले. अशा अवस्थेत डिसेंबर २००५ मध्ये कामगार कायद्यांतील मोठे फेरबदल सिनेटने मंजूर केले आणि पाठोपाठ, ९ डिसेंबरला, विद्यार्थी संघांच्या सक्तीच्या शुल्कावर बंदी घालणारे विधेयकही संमत झाले.

हे विधेयक सरकारला इतके निकडीचे का वाटावे, याचे उत्तर अर्थसंकल्पात सापडत नाही. ते त्या पिढीच्या राजकीय चरित्रात सापडते. हॉवर्ड यांच्या मंत्रिमंडळातले टोनी ॲबट १९७९ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाचे अध्यक्ष होते. अर्थमंत्री पीटर कॉस्टेलो मोनॅश विद्यापीठाच्या विद्यार्थी राजकारणातून वर आले. दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे मजूर पक्षाच्या, ज्युलिया गिलार्ड १९८३ मध्ये राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्ष होत्या. दोन्ही पक्षांचे नेतृत्व विद्यापीठांच्या आवारात घडले होते आणि तिथली भांडणे मनात घेऊनच संसदेत आले होते. विद्यार्थी संघ म्हणजे मजूर पक्षाची रोपवाटिका, अशी लिबरल पक्षातल्या अनेकांची पक्की समजूत होती. मजूर पक्षालाही संघांविषयी वाटणारी आस्था निव्वळ विद्यार्थीहितापोटी होती, असे मला म्हणवत नाही.

सक्तीच्या विरोधातला युक्तिवाद हलक्यात घेण्यासारखा नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. कोणालाही एखाद्या संघटनेचे सभासद होण्याची सक्ती करता येणार नाही, असे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे विसावे कलम सांगते. अर्धवेळ नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थिनीच्या पैशातून तिला मान्य नसलेल्या राजकीय मोहिमांचा खर्च भागत असेल, तर तिची तक्रार रास्तच आहे. संघाच्या निवडणुकीत मतदान करणारे थोडे आणि वर्गणी भरणारे सगळे, ही विसंगतीही खरी होती. मात्र ज्या देशात राष्ट्रीय निवडणुकीतले मतदान १९२४ पासून सक्तीचे आहे, त्या देशातल्या सरकारने सामूहिक जबाबदारीची कल्पना विद्यापीठाच्या दारातच सोडून द्यावी, हे मला पटलेले नाही.

मुळात या वादात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. संघाचे सभासद व्हायचे की नाही, हा पहिला. खेळाची मैदाने, पाळणाघर, कायदेशीर सल्ला, परीक्षेच्या निकालाविरुद्ध दाद मागताना लागणारी मदत या सोयींसाठी सर्वांनी पैसे द्यायचे की नाही, हा दुसरा. आणि जमलेला पैसा विद्यार्थ्यांनी निवडून दिलेल्यांच्या हाती राहणार की विद्यापीठ प्रशासनाच्या, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाला 'ऐच्छिक' असे उत्तर दिले म्हणून दुसऱ्याला 'नको' हेच उत्तर द्यावे लागत नाही. नगरपालिकेच्या बागेत आपण कधी पाऊल टाकत नसलो तरी कर भरतो, पण त्यासाठी नगराध्यक्षांच्या पक्षाचे सभासद व्हावे लागत नाही. काही ऑस्ट्रेलियन विद्यापीठांत शुल्क भरूनही सभासदत्व नाकारण्याची मुभा आधीपासून होती, म्हणजे तडजोडीचा नमुना समोर होता. २००५ च्या कायद्याने मात्र सक्तीच्या सभासदत्वाबरोबर या बिगरशैक्षणिक सोयींसाठीचे सक्तीचे शुल्कही बंद केले. तिन्ही प्रश्न एकाच फटक्यात निकाली निघाले.

सरकारला खरा अडथळा आला तो स्वपक्षाच्या बाकांवरून. क्वीन्सलँडचे नॅशनल पक्षाचे सिनेटर बार्नबी जॉइस यांनी विधेयकाविरुद्ध मत दिले. ग्रामीण भागातल्या विद्यापीठांची मैदाने आणि क्रीडासोयी या शुल्कावरच चालतात आणि गावालाही त्यांचाच आधार असतो, हा त्यांचा मुद्दा होता. ते फुटल्यावर सरकारकडे ३८ मते उरली, आणि मते समसमान पडली असती तर विधेयक पडले असते. पण फॅमिली फर्स्ट पक्षाचे एकमेव सिनेटर स्टीव्ह फिल्डिंग सरकारच्या बाजूने गेले आणि विधेयक तरले. देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या सोयीसुविधा त्या दिवशी दोन व्यक्तींच्या निर्णयावर अवलंबून होत्या, आणि त्यांतली एकही विरोधी पक्षाची नव्हती. सत्ताधारी पक्षातला कोणीतरी फुटेल या आशेवर बसण्याची पाळी विरोधी पक्षावर येते, तेव्हा सभागृहात भाषणे होत राहतात आणि विधेयकातला मजकूर तसाच राहतो.

२००६ च्या मध्यापासून कायदा लागू झाला आणि परिणाम दिसायला वेळ लागला नाही. संघांनी माणसे कमी केली, काही संघ बंदच पडले, आणि अनेक विद्यापीठांना शिकवण्यासाठीचा पैसा वळवून या सोयी कशाबशा चालू ठेवाव्या लागल्या. मोठ्या शहरांतल्या जुन्या, श्रीमंत विद्यापीठांनी हा धक्का सोसला. लहान आणि दूरच्या आवारांना तो जड गेला, म्हणजे जॉइस यांची भीती अनाठायी नव्हती.

पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये गिलार्ड सरकारच्या काळात नवा कायदा झाला. सभासदत्व ऐच्छिक राहिले, पण सोयींसाठी शुल्क आकारण्याची परवानगी विद्यापीठांना मिळाली. २०१२ साठी त्याची मर्यादा २६३ डॉलर होती, आणि राजकीय पक्षासाठी किंवा संसदेच्या निवडणुकीसाठी हा पैसा वापरण्यास मनाई करण्यात आली. अशी तरतूद २००५ मध्येच करता आली असती, तर मधली सहा वर्षे वाया गेली नसती. तिसरा प्रश्न तर आणखी लांबला. शुल्क विद्यापीठाच्या खात्यात जमा होई, आणि त्यातले किती विद्यार्थ्यांच्या संघटनांना द्यायचे ते प्रशासन ठरवी. किमान ४० टक्के रक्कम विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संघटनांना द्यावी, हा नियम २०२५ पासून लागू झाला आहे.

न्यूझीलंडची कथा तपशिलात निराळी असली तरी वळण तेच आहे. तिथे १९९८ च्या कायद्याने हा निर्णय विद्यार्थ्यांच्या सार्वमतावर सोपवला होता. ऑकलंडच्या विद्यार्थ्यांनी ऐच्छिक सभासदत्व निवडले, इतर बहुतेक ठिकाणी सक्ती टिकली. ज्यांचा प्रश्न त्यांनीच सोडवावा, ही मला आजही सर्वांत न्याय्य वाटणारी रीत आहे. पण २००८ नंतर तिथल्या नॅशनल पक्षाच्या ५८ जागांना ॲक्ट पक्षाच्या पाच जागांची जोड मिळून १२२ जणांच्या सभागृहात बहुमत झाले, आणि त्या पाच जणांच्या पक्षाचे सार्वत्रिक ऐच्छिक सभासदत्वाचे विधेयक पुढे सरकले. समितीपुढे आलेली बहुसंख्य निवेदने विधेयकाच्या विरोधात होती. खासगी विधेयकांसाठी राखून ठेवलेल्या बुधवारी तिथल्या विरोधी मजूर पक्षाने इतर विषयांवरची भाषणे लांबवून बराच काळ ते रोखून धरले. हा चिवटपणा कौतुकास्पद असला, तरी वेळकाढूपणाने विधेयक लांबते, बदलत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ते संमत झाले. त्यानंतर अनेक संघ विद्यापीठाशी केलेल्या करारांतून मिळणाऱ्या पैशावर विसंबून राहिले. ज्या प्रशासनाला जाब विचारायचा, त्याच्याच पैशावर जाब विचारणारी संघटना चालावी, ही अवस्था मला सक्तीइतकीच चिंताजनक वाटते.

याउलट ब्रिटनमध्ये १९९३ साली शिक्षणमंत्री जॉन पॅटन यांना विद्यार्थी संघांच्या सार्वजनिक निधीला कात्री लावायची होती. पंतप्रधान जॉन मेजर यांच्या सरकारचे बहुमत मुळातच तुटपुंजे होते, आणि लॉर्ड्सच्या सभागृहात प्रस्तावावर कडाडून टीका झाली. सरकारला माघार घ्यावी लागली. १९९४ च्या शिक्षण कायद्यात विद्यार्थ्याला संघाबाहेर राहण्याचा हक्क मिळाला, त्यासाठी त्याची गैरसोय करता येणार नाही असे बंधन आले, संघांच्या निवडणुका आणि हिशेब यांवर नियम आले, आणि संघही टिकले. ही तरतूद तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, असे विधेयक पुन्हा कुठल्याही सभागृहात आले, तर विरोधकांनी सगळी ताकद सरसकट विरोधात खर्च न करता पहिल्या दिवसापासून सभासदत्व, शुल्क आणि पैशावरचे नियंत्रण या तीन बाबींवर स्वतंत्र दुरुस्त्या मांडाव्यात आणि प्रत्येकीवर वेगळे मतदान मागावे. सत्ताधारी पक्षातल्या जॉइस यांच्यासारख्या सदस्याला संपूर्ण विधेयकाविरुद्ध जाण्यापेक्षा एका दुरुस्तीच्या बाजूने मत देणे सोपे जाते. मोजक्या जागा असलेल्या विरोधी पक्षालाही एवढे करता येते. ऑस्ट्रेलियातल्या ४० टक्क्यांच्या नियमाबाबत दरवर्षी विद्यापीठवार हिशेब संसदेपुढे मागण्याचे कामही तिथल्या विरोधी बाकांनी आतापासून हाती घ्यावे, कारण हा नियम मोडला गेला तर ज्यांचे नुकसान होईल ते विद्यार्थी तोवर पदवी घेऊन विद्यापीठातून बाहेर पडलेले असतील.

आपला,
एक वाचक