पावडर वाढवून कुबट वास जात नाही

संपादक साहेब,

पाऊस सुरू झाला की घरोघरी कपड्यांच्या कुबट वासाची रड सुरू होते आणि लोक काय करतात तर पावडर वाढवतात, पण होतं उलटंच, जास्तीची पावडर नीट निघत नाही, कपड्यातच राहते. बोअरचं पाणी जड असेल तर फेसच येत नाही, तिथे चमचाभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवा, मग पावडर कमी लागते (रेशमी-लोकरी कपड्यांना मात्र सोडा अजिबात नको, त्यांना रिठ्याचं पाणीच बरं). पिळून झाले की कपडे जोरात झटका आणि मध्ये चार बोटं जागा सोडून पंख्याखाली टाका, दोरीवर एकावर एक रचले तर वाळणार कसे, वास तिथेच धरतो ना. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून.

आणि हो, हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल झाला म्हणून घाबरू नका, साबणातल्या अल्कलीने हळद लाल होतेच, स्वच्छ खळबळून कडक उन्हात टाका, फिका पडत जातो. आता जुलैत ऊन कुठून आणायचं ते विचारू नका!

धुणं झाल्यावर मशीनचं झाकण उघडंच ठेवा, फ्रंट लोड असेल तर दाराचं रबर पुसून घ्या, काळी बुरशी तिथेच लागते.

– एक वाचक, डोंबिवली