सातवीचा दाखला आणि हातचे १५ दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरपंचपदाच्या उमेदवाराच्या शिक्षणावरून वाद झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावकरी निवेदन घेऊन तहसील कार्यालयात जातात. तिथल्या खेपांत मुदत संपते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्याकडे अर्ज करावा लागतो. पराभूत उमेदवाराप्रमाणेच त्या निवडणुकीचा कोणताही मतदार तो करू शकतो. छाननीत निवडणूक निर्णय अधिकारी समोरच्या कागदांवर थोडक्यात निर्णय देतात. दाखल्याची मुळापासून चौकशी तिथे होत नाही.

१ जानेवारी १९९५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या सरपंचपदाच्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'सातवीत शिकत होता' एवढेच असेल, तर ती उत्तीर्ण झाल्याची नोंद नव्हे. शेरा आणि शाळा सोडण्याचे कारण हे रकाने आधी वाचा. एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबले होते; त्याआधी सातवीत असलेल्यांच्या बाबतीत वार्षिक निकालपत्रकच पाहावे लागते.

झेरॉक्स किंवा दुबार दाखल्यावर दावा टिकत नाही. मूळ जनरल रजिस्टर (शाळेतील विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) आणि निकालपत्रक घेऊन मुख्याध्यापकांनी साक्षीला यावे, असे समन्स मागा. रजिस्टर आल्यावर उमेदवाराच्या नोंदीबरोबर तिच्या वरच्या-खालच्या नोंदीही तपासा: क्रमांक, तारखा, खाडाखोड. आपल्याकडे खरी अडचण पुढेच आहे. पट घटल्यामुळे वाडीवरच्या कितीतरी शाळा बंद झाल्या. त्यांचे दप्तर कोणत्या शाळेकडे गेले, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आधीच विचारून ठेवा, नाहीतर समन्स बंद शाळेच्या पत्त्यावर जाते आणि परत येते. उमेदवार मुंबईत शिकलेला असेल तर शाळेचा पूर्ण पत्ता हवाच.

माहिती अधिकारावर विसंबू नका. उत्तराची मुदतच ३० दिवसांची, शिवाय पदवीच्या नोंदी ही वैयक्तिक माहिती असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले आहे.

विधानसभेला शिक्षणाची अट नाही, पण उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ च्या शपथपत्रात खोटी पदवी लिहिणे अंगाशी येऊ शकते. म्हैसूर विद्यापीठाची एमबीए असल्याचे खोटे लिहिणाऱ्या मणिपूरच्या आमदाराची निवड रद्दच राहील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. विधानसभेची निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, ४५ दिवसांत.

नमुना २६ मध्ये संस्थेचे नाव आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष विचारतात, परीक्षेचा बैठक क्रमांक विचारत नाहीत. तो विचारायलाच हवा. सरपंचपदाच्या अर्जासोबत राज्य निवडणूक आयोगाने जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि शाळेचे दप्तर सध्या कुठे आहे, हे सक्तीने लिहून घ्यावे. पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकांआधी हा बदल व्हावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

– काही वकील वाचक, रत्नागिरी