कपड्यांच्या कचऱ्यावर शुल्क लावण्याआधी वर्षभर वजन नोंदवून घ्या

मा. पर्यावरणमंत्री,
स. न. वि. वि.

टाकून दिलेल्या कपड्यांची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यावर टाकणारा कायदा व्हायलाच हवा. फ्रान्सने तो 2007 मध्ये केला, नेदरलँड्समध्ये 1 जुलै 2023 पासून लागू झाला, आणि 2025 मध्ये युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांना अशी व्यवस्था बंधनकारक केली. आमची मागणी एवढीच, की पहिले वर्ष फक्त नोंदणी आणि विकलेल्या कपड्यांच्या वजनाच्या विवरणपत्रांचे असावे, शुल्क त्यानंतर.

फॅशन व्यवसायांचा हिशेब नगांत चालतो, कचरा किलोत मोजतात. किती शर्ट विकले ते लगेच सांगता येते. त्यांत कापूस किती किलो, पॉलिएस्टर किती, हे बहुतेकांकडे लिहिलेलेच नसते. म्हणून प्रत्येक डिझाइनचा मधल्या मापाचा एक नग हँगर, टॅग, पिशवी काढून वजन करावा आणि तो आकडा मालाच्या कोडसमोर भरावा. परत आलेला कपडा पुन्हा विकला की तो दोनदा मोजला जातो; ही वजावट कशी करायची ते नियमातच लिहा.

लेबलवर विसंबून चालणार नाही. त्यावर बहुधा मुख्य कापडाची टक्केवारी असते. चेन आणि बटणांचा हिशेब नसतो. टाकलेले कपडे वेगवेगळे करणाऱ्या सॉर्टिंग केंद्रातला स्कॅनर कापडाचा वरचा थर वाचतो, आतले अस्तर त्याला दिसत नाही, आणि गडद काळ्या कापडावर तो अनेकदा चुकतो. इलॅस्टेन (ताणला जाणारा लवचिक धागा) थोडे असले तरी पुनर्वापरासाठी कापड पिंजताना ते ताणले जाते आणि तंतू नीट सुटत नाहीत. ही माहिती विक्रेत्यानेच द्यायला हवी. एकाच तंतूच्या, सहज उसवता येणाऱ्या कपड्याला शुल्क कमी ठेवले, तर डिझाइनच्या टेबलावरच फरक पडेल.

ज्याच्यावर ही जबाबदारी येते तो 'उत्पादक' कोण, हे संदिग्ध राहिले तर एकाच कपड्यावर दोघे भरतील किंवा कोणीच भरणार नाही. आमच्या मते लेबलवर ज्याचे नाव, तो जबाबदार. तो परदेशात असेल तर आयातदार, आणि ग्राहकाला थेट पार्सल येत असेल तर ते विकणारे ऑनलाइन संकेतस्थळ. शिलाई करून देणाऱ्या कारखान्यावर हा बोजा नको. अगदी लहान व्यवसायांना युरोपने वर्षभर जास्त मुदत दिली आहे. तशी जरूर द्या, पण नोंदणीतून सूट नको.

विवरणपत्राचा नमुना नियमांच्या मसुद्यासोबतच प्रसिद्ध करावा, म्हणजे पुढच्या हंगामाच्या खरेदीपासूनच पुरवठादारांकडून ही माहिती मागता येईल.

कळावे,
वस्त्रव्यवसायातील आम्ही काही जण